कडी नंबर 1689

वरून काय पडेल याचा नेम नाही. त्या दिवशी कबुतराचा पाय पडला!

मंगळवार होता. दुपारचे बारा वाजले, सिग्नल हिलवरची तोफ उडाली — धाड्! — आणि ग्रीनमार्केट चौकातली सगळी कबुतरं फडफडत वर गेली. हे रोजचंच. केपटाउनचा माणूस तोफेला दचकत नाही, घड्याळ लावून घेतो. कबुतरं मात्र रोज नव्यानं दचकतात, आणि माझ्या मादामला ते पक्कं ठाऊक आहे.

मादाम म्हणजे बहिरी ससाण्याची मादी. चौकामागच्या सोळा मजली इमारतीत, चौदाव्या मजल्याच्या कठड्यावर तिचं बिऱ्हाड. नवरा आणि तीन पिल्लं. नावाला बहिरी, पण तोफेची वाट बघावी तर तिनंच! तोफ उडायच्या आधीच ती उंच जाऊन बसते, आणि कबुतरं उठली की वरून अशी येते... अशी येते, की मी गेली दोन वर्षं रोज बघते आहे आणि रोज माझा श्वास अडकतो.

तर मी बाकावर, दुर्बीण डोळ्याला लावलेली, तोंडात अर्धा समोसा. वर पिसांचा धुरळा उडाला. आणि शेजारच्या बाकावर कोणीतरी ओरडलं, "आई गं!"

कामाच्या निळ्या डांगरीतला एक मुलगा. मांडीवर मसाला लावलेल्या बटाट्याच्या कापांचा भलाथोरला पाव. त्या कापांवर मधोमध एक लाल पाय.

"हे... हे काय आहे?"

"पाय," मी म्हटलं.

"पाय आहे ते मलाही दिसतंय! पडला कुठून?"

"वरून. घाबरू नकोस, उरलेलं कबूतर येणार नाही. ते तिला हवंय."

मला वाटलं, आता हा पाव फेकून देईल. पण त्यानं तो पाय अलगद उचलला, त्याची बोटं आपल्याकडे वळवली, अंगठ्यानं घोट्यापाशी चाचपलं आणि सुस्कारा सोडला.

"पायात नंबराची कडी नाही. शर्यतीचं नव्हे, रस्त्यावरचंच आहे."

हाय रे! कबुतरवाला!

मला वाईट वाटलं, कारण डोळे फार चांगले होते त्याचे. मी डोळ्यांच्याच दुकानात काम करते, मला कळतं. पण आमच्या शहरात दोन जातींचे लोक आहेत, ससाणेवाले आणि कबुतरवाले. शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांना विचारा ससाण्याबद्दल, जेवण थांबवून शिव्या देतील. मागे एका इमारतीवरची जोडी कोणीतरी विष लावलेलं कबूतर सोडून मारली होती. कोणी, ते कळलंच नाही. तेव्हापासून मी मादामचा पत्ता कोणाला सांगत नाही.

"कुठे राहते ही चोरटी बाई?" त्यानं मान वर करून विचारलं.

"माहीत नाही."

"तुझी दुर्बीण तर चौदाव्या मजल्यावर रोखलेली आहे."

"मी खिडक्या मोजतेय."

तो हसला. गालाला खळी. अरे देवा, एकच खळी, डाव्या बाजूला! "मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "त्याच इमारतीची. पुढचा महिनाभर. म्हणजे आपण दोघं मिळून मोजू खिडक्या."

"डोळे तपासून घे आधी. दुकान समोरच आहे."

"माझे डोळे झकास आहेत."

"मग माझ्या बिल्ल्यावरची खालची ओळ वाच बघू."

त्यानं डोळे बारीक केले. "रिफ्का. त्याखाली... 'आपल्याला काय मदत हवी?'" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हवी. उद्या याच वेळी."

माझा समोसा घशात अडकला.

त्याचं नाव तौरिक. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. "शत्रूवर नजर ठेवायला येतो," असं म्हणायचा, आणि नजर माझ्यावरच असायची. चौथ्या दिवशी माझा निश्चय ढळला आणि मी दुर्बीण त्याच्या हातात दिली.

"बघ. पण शिव्या द्यायच्या नाहीत."

त्यानं डोळा लावला. दुर्बीण हळूहळू कठड्यावरून फिरवली.

"ती जाडी कोण?" शेवटी त्यानं विचारलं.

"कोसिस्टर."

तो इतका मोठ्यानं हसला की शेजारचा मण्यांच्या माळा विकणारा वळून बघायला लागला. रविवारी सकाळी आमच्या घराघरात तळतात ती कोसिस्टर, गोल, तपकिरी, पाकात बुडवून वर खोबऱ्याचा कीस भुरभुरलेली. हे पिल्लू हुबेहूब तसंच! अंग तपकिरी, त्यावर बाळपणीच्या पांढऱ्या पिसांचे झुबके चिकटलेले. दोघं भाऊ पंख मारून मारून सराव करायचे, आणि ही बया बसून खायची.

"उडणार कधी ही?"

"मूड येईल तेव्हा."

"तुझ्यासारखीच दिसते."

"जाडी?"

"नाही गं... म्हणजे... समोर कोण बसलंय याच्याकडे लक्षच नाही तिचं."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, एवढं आठवतं. दुकानात परतले तर आमच्या मालकीणबाई मिसेस अडोनिस म्हणाल्या, "रिफ्का, तू गिऱ्हाइकाला वाचायचा तक्ता उलटा धरून दाखवते आहेस." खरंच उलटा होता!

मग एका सोमवारी, असाच चहा पिता पिता, त्यानं शुक्रानची गोष्ट सांगितली.

शुक्रान म्हणजे त्याच्या वडिलांची कबुतरी. राखी, एका पंखात एकच पांढरं पीस. सप्टेंबरातल्या शेवटच्या शर्यतीत लांबच्या ब्यूफर्ट वेस्ट गावाहून सोडली होती. बाकीची सगळी संध्याकाळपर्यंत घरी आली. ती आली नाही.

"आमच्या डॅडींनी खुराड्याचं दार अजून लावलेलं नाही," तौरिक म्हणाला. "आमच्यात असंच असतं. पक्षी आला नाही तर दार उघडं ठेवायचं. दार लावलं म्हणजे तो मेला असं धरलं. वारा आत शिरतो, बाकीची कबुतरं आजारी पडतायत, मम्मी रोज भांडते. पण डॅडी संध्याकाळी स्टूल टाकून बसतात, मक्याचा डबा खुळखुळवतात... सहा आठवडे झाले, रिफ्का. कळलं असतं ना, काय झालं ते, तर बरं झालं असतं. माणूस रडून मोकळा तरी होतो."

"तिच्या कडीचा नंबर काय?" मी विचारलं. उगाच. तोंडातून निघून गेलं.

"1689."

मी कप ठेवून उठले.

माझ्या टेबलाच्या खणात पेपरमिंटचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात अकरा कड्या. मादामच्या कठड्याखाली, फुटपाथवर सापडलेल्या. इमारतीचा झाडूवाला मला आणून देतो, कधी मीच वेचते. कबुतरवाल्यांना त्या कधी कळवल्या नाहीत, कारण कळवलं की ते विचारणार, कुठे सापडली? धावत जाऊन मी डबा उघडला. सातवी कडी. ससाण्याच्या चोचीनं अक्षरं पार खरवडली गेली होती, पण आकडे स्वच्छ. 1689, आणि पुढे एक बारीक ठिपका.

मिसेस अडोनिसनी विचारलं, "भूत बघितलंस का?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सांगितलं तर त्याच्या वडिलांना कळणार, कोणी खाल्लं आणि कुठे खाल्लं. तीन पिल्लं कठड्यावर, अजून पंख फुटतायत. आणि तो? तो परत त्या बाकावर येऊन बसेल? मी ठरवलं, पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. कडी बिल्ल्यामागच्या पाकिटात ठेवली आणि रोज तो बिल्ला छातीवर लावून त्याच्यासमोर बसले. तीन आठवडे! तो हसायचा, माझ्यासाठी समोसे आणायचा, एकदा वाऱ्यानं माझा रुमाल उडाला तर तो त्यामागे अख्खा चौकभर पळाला. आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

एकेक करून दोघे भाऊ उडाले. कोसिस्टर जागची हलेना.

बुधवारी दक्षिण-पूर्वेचा वारा सुटला. आमचा वारा, माणसं खांबाला धरून उभी राहतात असा. चौकातले तंबू फडफडत होते. मी वर बघते तर कठड्यावर कोसिस्टर पंख पसरून उभी... आणि पुढच्या क्षणाला ती कठड्यावर नव्हती!

"पडली! तौरिक, पडली!"

ती गिरक्या घेत खाली आली, मण्यांच्या दुकानाच्या तंबूवर आपटली, घसरली, आणि थेट रस्त्यात. समोरून प्रवासी टॅक्सी, हॉर्न मारत. तौरिकनं बाकावरून उडी मारली, हात आडवा करून टॅक्सीसमोर उभा राहिला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मरायचंय का रे?"

"दोन मिनिटं, दादा! बाळ आहे!"

आणि त्यानं तिला उचललं. कसं सांगू! तो मुलगा जन्मापासून कबुतरं हाताळतोय. दोन बोटांच्या मधे तिचे पाय, अंगठा पंखांवर, तळवा पोटाखाली. एका झटक्यात ती त्याच्या हातात गप्प. गप्प म्हणजे, नख्या त्याच्या मनगटात रुतवून गप्प.

"रक्त येतंय तुझ्या हाताला!"

"येऊ दे. खोकं आण!"

चष्म्याच्या फ्रेमचं खोकं मी रिकामं केलं, मिसेस अडोनिसनी आपली शाल त्यात कोंबली. त्याच्याकडे लिफ्टची किल्ली होती, आम्ही थेट गच्चीवर. खोकं कडेला ठेवून उघडलं. कोसिस्टर बाहेर आली, अंग झटकलं, आमच्याकडे असं बघितलं की चूक आमचीच. तेवढ्यात वरून किंचाळी! मादाम! सणसणत डोक्यावरून गेली, माझे केस हलले. आम्ही दोघं पळत लिफ्टच्या खोलीमागे, भिंतीला चिकटून, एकमेकांना चिकटून. हसत होतो, धापा टाकत होतो. त्याचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता.

"रिफ्का," तो म्हणाला. हसणं थांबलं होतं. "मला तुला काहीतरी सांगायचंय..."

आणि मी मूर्ख! म्हटलं, "आधी मला सांगू दे."

त्याच्या मनगटातलं रक्त बघून राहवलं नाही मला. अशा माणसाशी अजून एक मिनिट खोटं बोलायचं नव्हतं. बिल्ल्यामागून कडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"1689," मी म्हटलं. "इथेच खाली सापडली."

त्यानं कडीकडे बघितलंही नाही. मूठ मिटली. "केव्हा?"

"तू भेटायच्या आधी. पण तू नंबर सांगितलास तेव्हा... मला भीती वाटली. पिल्लांसाठी. आणि..."

"तीन आठवडे?" तो हळू बोलला, म्हणून जास्त लागलं. "तीन आठवडे माझा बाप रोज दारात बसला. आणि तू रोज माझ्यासोबत चहा प्यायलीस."

लिफ्ट खाली गेली. मी गच्चीवर, कोसिस्टर गच्चीवर. दोघी रडक्या.

गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. लिफ्ट दुसराच कोणी दुरुस्त करत होता. मी बाकावर दोन समोसे घेऊन बसले आणि दोन्ही परत नेले. मिसेस अडोनिस म्हणाल्या, "बाई गं, खरं बोलून गमावलं असेल तर निदान झोप तरी लागते." मला तीही लागली नाही.

शनिवारी दुकान एक वाजता बंद होतं. बाराला वीस मिनिटं कमी असताना मी नेहमीसारखी बाकावर. कोसिस्टर गच्चीच्या कडेवर, तीन दिवसांची हट्टी. मादाम पायात खाणं धरून तिच्या नाकासमोरून घिरट्या घालत होती, ये, घे, उड! ही नुसती ओरडत होती. अजून एक-दोन दिवसांत उडली नाही तर भुकेनं पंखांत जोर राहणार नव्हता.

"हीच का ती डोळ्यांच्या दुकानातली?"

मी वळले. एक म्हातारे गृहस्थ. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, काखेत मक्याचा डबा. त्यांच्यामागे तौरिक, मान खाली, मनगटाला पट्टी.

मी उभी राहिले. "अंकल, मी... मला माफ करा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आधी हे वाच," तौरिकचे डॅडी, अख्मत अंकल म्हणाले आणि ती कडी माझ्यापुढे धरली.

"1689."

"पुढे काय आहे?"

"ठिपका. पूर्णविराम."

"पूर्णविराम!" ते तौरिककडे वळले. "ऐकलंस? पूर्णविराम म्हणे! अगं पोरी, आमच्या कडीवर ठिपका आकड्याच्या आधी असतो. कबुतराची बोटं आपल्याकडे करायची आणि मग वाचायचं. तुला नुसती कडी मिळाली, पाय मिळाला नाही, मग तू वाचणार कशी?" त्यांनी दोन बोटांत कडी फिरवली. खालची बाजू वर. "आता वाच."

ठिपका. 6... 8... 9... 1.

मी वाचलं, परत वाचलं. मग तोंडावर हात ठेवला.

"गुडवुडच्या इब्राहिमचं कबूतर," अंकल म्हणाले. "शुक्रान नव्हेच. लोकांचे डोळे तपासते म्हणे!"

मी हसत होते का रडत होते, कोणास ठाऊक. "पण मग... तौरिक, तू घरी जाऊन..."

"हा?" अंकलना जोर चढला. "ह्यानं सांगितलंच नाही मला! तीन दिवस जेवला नाही, तोंड पाडून फिरला, कडी खिशात. सकाळी ह्याच्या मम्मीनं डांगरी धुवायला घेतली तेव्हा सापडली. विचारलं, लपवलीस का रे? तर म्हणतो, 'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून धीर झाला नाही.'"

मी तौरिककडे बघितलं. त्यानं एकदाच वर बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"तीन दिवस?" मी म्हटलं. हळू. अगदी त्याच्यासारखं.

"बोल," तो म्हणाला. "काय बोलायचं ते बोल. मी तुला तीन आठवड्यांवरून ऐकवलं, आणि मला स्वतःला तीन मिनिटंसुद्धा जमलं नाही... नीट बघितलीही नाही गं ती कडी. भीती वाटत होती."

"माझ्याकडे अजून दहा आहेत," मी अंकलना म्हटलं. आता काही लपवायचंच नव्हतं. "डब्यात. सगळ्या इथेच सापडलेल्या."

त्यांचा चेहरा मऊ झाला. "दे मला. नंबर वाचून एकेकाच्या घरी जाईन. कोणीतरी अजून दार उघडं ठेवून बसला असेल."

"आणि... ह्यांचं काय?" मी वर बोट दाखवलं.

"ससाण्याशी माझं भांडण चाळीस वर्षांचं आहे, ते चालू राहील. पण विष घालणाऱ्यांतला मी नव्हे. कुठे सापडली ते कोणाला सांगणार नाही." त्यांनी मान वर केली. "ती जाडी का बसून राहिलीय?"

धाड्!

तोफ! चौकातली कबुतरं उसळली, अंकलनी दचकून डबा घट्ट धरला. सत्तर वर्षांचा केपटाउनचा माणूस तोफेला दचकला! आणि वर कोसिस्टरही दचकली. कडेवरून सुटली... खाली... खाली... मी तौरिकचा हात धरला, पट्टी बांधलेलाच...

"पंख उघड! अगं पंख उघड!" कोण ओरडत होतं? अख्मत अंकल! मक्याचा डबा डोक्यावर धरून खुळखुळवत होते, घरच्या कबुतराला बोलवावं तसे. "ये! ये! ये!"

आणि तिनं पंख उघडले. तंबूंच्या वर, हातभर अंतरावर, वारा तिच्याखाली शिरला. ती उचलली गेली. एक हेलकावा, दुसरा, आणि मग वर, चौकाच्या वर, इमारतीच्या वर! मादाम बाजूनं आली, पायातलं खाणं हवेतच सोडलं, आणि त्या आळशी मुलीनं ते हवेतच झेललं!

अख्खा चौक टाळ्या वाजवत होता. मिसेस अडोनिस दुकानाच्या दारात नाचत होत्या.

"कडी होती का बघ त्या कबुतराच्या पायात!" अंकल ओरडले. मग स्वतःच हसले, डोळे पुसले आणि डबा काखेत घेतला. "शुक्रान येईल तेव्हा येईल. दार उघडं आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या घरी कोणाशी बोलायचं असतं? तू आमच्या मुलाला कडी दिलीस, उलटी का होईना. आता अंगठीचं काय? मागणी घालून जवाब मागायला कोणत्या रविवारी येऊ?"

"डॅडी!" तौरिक किंचाळला. मादामसारखाच.

मी अजून त्याचा हात सोडलेला नव्हता. "गच्चीवर तू काय सांगणार होतास?" मी त्याला विचारलं.

"तेच... जे हे आत्ता घाई करून बोलून बसले." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, डोळे न चुकवता. "मला तू आवडतेस, रिफ्का. पहिल्या दिवसापासून. पाय पडला तेव्हापासून."

"मलाही," मी म्हटलं. "तू तो पाव फेकून दिला नाहीस, तेव्हापासून."

"मी तो नंतर खाल्लाही."

"शी!"

अंकलनी खिशातून पेन काढलं आणि मक्याच्या डब्यावर लिहायला तयार झाले. "पत्ता सांग."

मी रस्त्याचं नाव सांगितलं. "आणि घराचा नंबर 86. अंकल, सरळ वाचा हं. 98 मध्ये मिस्टर फिशर राहतात, त्यांना पाच मुलगे आहेत."